आजोबांच्या मांडीवर नक्की काय होतं?

पत्र: ताई, आमच्या बैठकीत आजोबांचा एक फोटो आहे. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशात होते, फौजेत जमादार होते. फोटोत खुर्चीवर ताठ बसलेत आणि मांडीवर पिस्तूल आहे. पिस्तुलाच्या मधोमध गोल फुगीर भाग, मुठीच्या खाली कडी आणि कडीतून गळ्याकडे गेलेली दोरी. लहानपणापासून ते पिस्तूल एकदा हातात घ्यावं असं वाटत आलंय. खरं मिळणार नाही हे कळतं. पण आता हुबेहूब तसंच दिसणारी, गॅसवर छर्रे उडवणारी पिस्तुलं येतात. ओळखीतला एक जण ‘कोल्ट १९११’ देतो म्हणतोय. बिल नाही, पण स्वस्तात. खंडेनवमीला पूजेत ठेवायचं आणि सुट्टीच्या दिवशी काटोलच्या आमच्या संत्र्याच्या बागेत बाटल्या उडवायच्या, एवढाच बेत. मुलगा नऊ वर्षांचा आहे म्हणून बायकोचा ठाम नकार आहे. घेऊ का?
– नागपूरच्या मनीषनगरचा एक नातू

नातूसाहेब, आधी वाईट बातमी सांगते. तुमच्या आजोबांच्या मांडीवर जे आहे ते कोल्ट १९११ नाही.

१९११ हे चपटं पिस्तूल. त्याच्या गोळ्या मुठीत सरकवलेल्या मॅगझिनमध्ये असतात, एकाखाली एक अशा सात. मधोमध फुगायला त्याच्यात काही नसतंच. तुम्ही लिहिलेला गोल फुगीर भाग म्हणजे सहा गोळ्यांचं फिरतं चक्र, म्हणजे आजोबांजवळ होतं ते रिव्हॉल्वर. कडी आणि दोरीवर भिस्त ठेवू नका, कारण कडी १९११ लासुद्धा असे. चिखलात, होडीत, घोड्यावर हत्यार हातून सुटलं तर हरवू नये म्हणून ती सोय.

ब्रिटिशांच्या हिंदी फौजेत साध्या शिपायाच्या हाती रायफल असायची. कमरेचं हत्यार मिळायचं ते अधिकाऱ्यांना, जमादार-सुभेदारांना, मशीनगनवाल्यांना, रणगाड्यात बसणाऱ्यांना. आणि ते बहुतेक दोन घराण्यांतलं असायचं, वेब्ली नाहीतर एन्फील्ड. वेब्लीचं मोठं भावंड म्हणजे मार्क ६. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१५ मध्ये ते फौजेत आलं. सहा इंची नळी, ०.४५५ इंच जाडीची गोळी आणि किलोभराहून जास्त वजन. एवढं दणकट हत्यार नव्या पोराला शिकवायचं म्हणजे फार वेळ जातो, असं युद्धानंतर साहेबांच्या लक्षात आलं. मग १९३२ पासून ०.३८ चं, आटोपशीर एन्फील्ड नंबर २ आलं. दुसऱ्या महायुद्धात हे ०.३८ वाले जास्त दिसतात, पण जुनी वेब्लीही पेट्यांतून बाहेर निघालीच होती.

एक करा. भिंग घ्या आणि फोटोतल्या रिव्हॉल्वरचा हॅमर बघा, म्हणजे मागचा तो दांडा, ज्याला आपण घोडा म्हणतो. (मुंबईच्या भाईलोकांनी अख्ख्या पिस्तुलाचाच घोडा करून टाकलाय, ते सोडा.) अंगठ्यानं मागे ओढायला त्याला वर टोक असेल तर वेब्ली किंवा पहिल्या तऱ्हेचं एन्फील्ड. टोकच नसेल, मागची बाजू गुळगुळीत असेल, तर ते १९३८ नंतरचं एन्फील्ड. ते टोक रणगाड्यातून चढता-उतरताना कपड्यांत अडकायचं, म्हणून काढून टाकलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढी चिरफाड कशाला? मी म्हणते, तुम्हाला आजोबांचं हत्यार हातात घ्यायचंय की कुठलंही जुनं, फौजी दिसणारं? दुसरं असेल तर १९११ उत्तमच. जॉन ब्राउनिंग या शस्त्रकाराची ती करामत अमेरिकी सैन्यानं १९११ मध्ये घेतली आणि १९८५ पर्यंत तीच त्यांची मुख्य पिस्तूल राहिली. म्हणूनच तिच्या प्रतिकृती उदंड निघतात आणि जो विकायला बसतो तो आधी तीच पुढे करतो. पण मला पत्रात आजोबा दिसले, ब्राउनिंग नाही दिसला. तुम्ही १९११ आणाल, फोटोखाली ठेवाल, आणि एखादा निवृत्त फौजी पाहुणा चहा पिता पिता म्हणेल, ‘हे तर ते नव्हे.’ त्या दिवसापासून ती वस्तू कपाटात जाईल.

वेब्ली मार्क ६ चीही गॅसवाली प्रतिकृती निघते, खुद्द वेब्लीच्या नावानं. एका स्नेह्याकडे मी ती चालवलीये. हातात घेतल्या घेतल्या पहिलं काही जाणवलं असेल तर वजन. मनगट खाली जातं. अंगठ्यानं बाजूची कळ दाबली की नळी पुढे मोडते, नारळाची वाटी उघडावी तशी, आणि चक्राच्या पोटातून चांदणीसारखी एक चकती वर येऊन सहाही काडतुसं एकदम उचलते. खऱ्या वेब्लीत याच हिसक्यानं रिकामी काडतुसं बाहेर पडायची. प्रतिकृतीतली काडतुसं नकली, धातूची असतात आणि एकेकात एक छर्रा आपणच बसवायचा. बसवा सहा, भरा सहा, मिटवा, झाडा सहा, पुन्हा उघडा. कंटाळवाणं वाटतंय ना? मला तर हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. माणूस सहा गोळ्यांनंतर आपोआप थांबतो. शिवाय उघडलेलं वेब्ली लांबूनही रिकामं दिसतं. सरकत्या स्लाईडच्या १९११ मध्ये छर्रा आत आहे की नाही, हे असं बघता क्षणी कळत नाही.

दर वेळी दुकानात मिळेलच असं नाही. मग थांबा. आजोबांचा फोटो इतकी वर्षं थांबलाय.

दुसरी गोष्ट जरा स्पष्टच सांगते, कारण यातच बहुतेकांची निराशा होते. या प्रतिकृती नेमबाजीची हत्यारं नव्हेत. स्टीलचे गोल छर्रे उडवणाऱ्याची नळी आतून गुळगुळीत असते, तिला पीळ, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या आतल्या खाचा, नसतो. सहा-सात मीटरवर चहाच्या बशीत सहाही छर्रे पडले तर स्वतःची पाठ थोपटून घ्यायची. शिशाचे, डमरूसारखे मधे बारीक असलेले छर्रे उडवणारी, आतून पीळ असलेली नळी मिळाली तर नेम सुधारतो. पण पिळाच्या नळीतून स्टीलचे छर्रे कधीच मारायचे नाहीत, नळीची वाट लागते. आणि शिसं हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय पोह्यांच्या बशीला हात लावायचा नाही.

मुलाला नेमबाज करायचं असं स्वप्न मनाच्या कोपऱ्यात कुठे असेल, तर हे पैसे तिकडे खर्चू नका. पॅरिसला २०२४ मध्ये मनू भाकरनं ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं तो दहा मीटरचा एअर पिस्तूल प्रकार. त्यात मधलं दहाचं वर्तुळ अवघ्या साडेअकरा मिलिमीटरचं असतं, करंगळीच्या नखाएवढं. त्यासाठी वेगळं पिस्तूल, वेगळी मूठ आणि मुख्य म्हणजे रेंजवरचे प्रशिक्षक लागतात. मी कॉलेजात एन.सी.सी.त ०.२२ च्या रायफलीवर शिकले. पहिले कित्येक दिवस आमच्या उस्तादांनी गोळीच दिली नव्हती. नुसतं झोपायचं, श्वास सोडायचा आणि चाप असा दाबायचा की नळीच्या टोकावर ठेवलेलं नाणं पडू नये. तेच तुम्ही घरी करू शकता, छर्रा न घालता. पुढची माशी, म्हणजे नेम धरायचा नळीच्या टोकावरचा उंचवटा, स्वच्छ दिसली पाहिजे, निशाण थोडं धूसर दिसलं तरी चालतं. नवशिके उलटं करतात.

आता गॅस. इथे आपल्या नागपूरचं दुखणं येतं, जे डब्यावरच्या परदेशी सूचनांत नीट उतरत नाही.

मुठीत बसते ती बारा ग्रॅमची कार्बन डायऑक्साईडची नळकांडी. आत गॅस दाबून द्रव केलेला असतो. २० अंशांना आतला दाब सुमारे ५७ बार भरतो, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या साधारण पंचवीस पट. हा दाब थर्मामीटरसारखा चढतो-उतरतो. डिसेंबरात सकाळी दहा अंशांवर तो पंचेचाळीसच्या आसपास येतो आणि छर्रे मलूल होऊन खाली पडायला लागतात. ३१ अंशांच्या पुढे तर हा वायू द्रव राहूच शकत नाही, आणि तिथून पुढे तापमान वाढेल तसा दाब भराभर चढतो. आता सांगा, मार्चपासून पाऊस येईपर्यंत आपल्याकडे दुपारी ३१ च्या खाली पारा कधी असतो? मे महिन्यात इथे ४५ अंश ही काही बातमी नसते. त्या तापलेल्या पिस्तुलात दाब इतका वाढतो की कधी कधी हॅमरच्या ठोक्यानं गॅस सोडणारा व्हॉल्व्ह उघडतच नाही. खटकन आवाज येतो, छर्रा जागेवर. लोकांना वाटतं बिघडलं. मग ते नळीत डोकावतात. तसं करू नका! सावलीत ठेवा, थंड होऊ द्या, तोंड निशाणाकडेच असू द्या.

न वापरलेल्या नळकांड्यांवर ५० अंशांच्या आसपासची मर्यादा लिहिलेली असते. वर्धा रोडवर उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ती सहज ओलांडली जाते. काटोलला जाताना डब्यात पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवा, परत येताना गाडीत विसरू नका. माझं मत विचाराल तर नेमबाजी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहाच्या पुढे, अंगावर ऊन घेत. उन्हाळ्यात फक्त पुसापुशी.

आणखी एक. छर्रा सुटतो तेव्हा आतला थोडा द्रव वायू होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता नळकांडीतूनच ओढून घेतो. धडाधड सहा मारले की मूठ हाताला गार लागते, दाब उतरतो आणि सहावा छर्रा पहिल्याच्या खाली लागतो. दोन छर्‍यांमध्ये दहा-पंधरा सेकंद जाऊ द्या. स्पर्धेच्या पिस्तुलांत गॅस जाऊन दाबलेली हवा आली, त्यामागे हा तापमानाचा लहरीपणा हे मोठं कारण आहे. नवी नळकांडी बसवताना तिच्या मानेवर पिस्तुलाचं खास तेल, एक थेंब. रबराची सीलं त्यानं टिकतात. रात्रभर भरलेली नळकांडी आत ठेवून झोपू नका, सीलं दबतात. आणि हो, सोड्याच्या यंत्राची आठ ग्रॅमची किंवा सायकलची आट्यांची नळकांडी यात बसत नाही. बसवायचा प्रयत्न करणारे मी पाहिलेत.

बाटल्यांचं म्हणाल तर अजिबात नको. आधी काचा. बागेत संत्री तोडायला येणाऱ्या बायका आणि पोरं अनवाणी फिरतात. पण खरी भीती माघारी येणाऱ्या छर्‍याची आहे. स्टीलचा छर्रा कठीण वस्तूवर आपटला की चेंडूसारखा उलटतो. नागपूरच्या महाल भागात माझ्या भावाच्या गच्चीवर आम्ही पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडला कागद लावून मारत होतो, शहाण्यासारखे. तिसरा छर्रा स्टँडच्या पायाला लागून परत आला आणि भावाच्या चष्म्याच्या डाव्या काचेत बसला. काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखी चिरांची नक्षी, मधोमध टिंब. चष्मा नसता तर? त्या दिवसापासून मारणारा आणि बघणारा, दोघांच्याही डोळ्यांवर सुरक्षा चष्मा असल्याशिवाय मी कुणाला चापाला बोट लावू देत नाही.

निशाण असं करा. पुठ्ठ्याचं मोठं खोकं घ्या, जुन्या साड्या आणि चिंध्या त्यात सैल कोंबा, समोर कागद चिकटवा. खोक्याच्या मागे दोरीवर जुनी गोधडी मोकळी लटकवा. गोधडी झुलते आणि छर्‍याचा जोर खाऊन टाकते. मागे झाडं नकोत, धुऱ्याचा (शेताच्या बांधाचा) किंवा विहिरीच्या मातीचा ढीग हवा. छर्रा दोनशे मीटरपर्यंत जाऊ शकतो आणि संत्र्याच्या पानांआड माणूस दिसत नाही. पाखरं, खारी, माकडं यांच्याकडे नळी वळली तर तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो. बागेचं माकडांनी केलेलं नुकसान मला ठाऊक आहे, तरीही.

आता ओळखीतल्या त्या माणसाकडे येऊ. त्याला नाही म्हणून सांगा, आजच.

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे ०.१७७ इंचापेक्षा मोठ्या नळीचं किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ताकदीचं एअर वेपन परवान्याच्या कक्षेत येतं. गॅसची ही पिस्तुलं ४.५ ची असतात आणि ताकद दोन-तीन ज्यूल. तुलनेला सांगते, खऱ्या ०.४५५ ची गोळी तीनशे ज्यूलच्या आसपास घेऊन निघते. म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही, पण तुमच्या हातातली वस्तू ४.५ चीच आहे हे दाखवायला कागद लागतो. कागद म्हणजे नोंदणीकृत शस्त्रविक्रेत्याचं पक्कं बिल, त्यावर मॉडेल, नळीचं माप, तुमचं नाव. ओळखपत्राची प्रत मागितली तर द्या. काहीच न उडवणारी, नुसती दिखाऊ प्रतिकृतीसुद्धा त्या नियमांत ‘फायरआर्म रेप्लिका’ म्हणून नोंदलेली आहे, तेव्हा खेळणं समजून कुणाकडूनही उचलू नका. परदेशातून परस्पर मागवायचं तर डोक्यातूनच काढा. शस्त्रांच्या आयातीवर निर्बंध आहेत, पार्सल कस्टममध्ये अडकलं की पैसेही गेले आणि उत्तरंही तुम्हीच द्यायची. नियम बदलतात, म्हणून घेण्याआधी तुमच्या पोलीस ठाण्यात एकदा विचारून घ्या. चहा पिऊन परत याल, एवढंच.

खरी गोम तर वेगळीच आहे. हे पिस्तूल जे उडवतं त्यानं एवढं काही होत नाही, ते जसं दिसतं त्यानं होतं. दहा पावलांवरून कुणालाही ते खरंच वाटणार, त्यासाठीच तर ते बनवलंय. सिग्नलवर उघड्या गाडीत मागच्या सीटवर ते पडलेलं शेजारच्या स्कूटरवाल्यानं पाहिलं, की पुढचे दोन तास तुमचे नाहीत. कुलूपबंद पेटीत, नळकांडी काढून, बिलासह, डिकीत ठेवूनच ने-आण करा. निवडणुका, मिरवणुका, सण आले की पोलीस आयुक्तांचे मनाई आदेश निघतात, त्या दिवसांत ते घरीच. सोनेगावच्या विमानतळावर तर नेऊच नका, आणि नळकांड्याही नाही. मित्र म्हणतील एक रील काढू. रीलमध्ये हत्यार मिरवलं म्हणून ठाण्यात बसलेल्यांच्या बातम्या आपण रोज वाचतो. ते खोटं होतं हे नंतर सिद्ध होतं, आधी बसावं लागतं.

वहिनींच्या नकाराबद्दल. त्या बरोबर आहेत, आणि तरीही तुम्ही घेऊ शकता. नऊ वर्षांच्या पोरापासून लपवलेली वस्तू ही त्यानं शोधलेली वस्तू असते, हे लक्षात ठेवा. लपवू नका. किल्लीची पेटी आणा, किल्ली वहिनींकडे द्या, शब्दशः त्यांच्याच पर्समध्ये. पिस्तूल एकीकडे, छर्रे आणि नळकांड्या दुसरीकडे. पहिल्या दिवशी मुलाला समोर बसवा, उघडून सहा रिकामी घरं त्याच्याकडून मोजून घ्या आणि तीन गोष्टी त्याच्याच तोंडून वदवून घ्या: रिकामं असलं तरी भरलेलंच समजायचं, नळी माणसाकडे करायची नाही, मारायची वेळ येईपर्यंत बोट चापाबाहेर. फोटोतल्या आजोबांकडे बघा, त्यांचंही बोट बाहेरच असेल, असा माझा अंदाज आहे. मित्रांना दाखवायला त्यानं ते मागितलं तर उत्तर एकच, ‘आई देईल.’ आई देणार नाही, हे आपल्याला माहीत आहेच.

हे सगळं वहिनींना मोठ्यानं वाचून दाखवा. तरीही त्या नाही म्हणाल्या तर यंदा घेऊ नका.

आणि घेतलंतच, खंडेनवमीला पाटावर मांडलंत, तर नळी मोडून, चक्र उघडं दिसेल असं मांडा. नळकांडी आत नको. झेंडूचं फूल खुशाल ठेवा. हळदीकुंकू मात्र मुठीलाच लावा, तेही कोरडं. पाणी शिंपडू नका, चक्राच्या आत गंज धरतो आणि मग ती चांदणी वर येत नाही.